जुना प्रोजेक्टर, एक वेबकॅम आणि शाडूचा गणपती: घरच्या घरी थ्रीडी स्कॅनर कसा करायचा

सकाळी आमच्या खिडकीतून ऊन आत आलं की गजांच्या सावल्या फरशीवर सरळ पडतात आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या गादीवर चढल्या की वाकतात. गंमत म्हणजे हे वाकणं आपण बाजूने बघतोय म्हणून दिसतं, ऊन जिथून येतंय बरोब्बर तिथे डोळा नेता आला असता तर गादीवर सुद्धा सावली सरळच दिसली असती. उजेड एका जागेवरून टाकायचा, बघायचं दुसऱ्या जागेवरून, आणि रेघ किती सरकली यावरून तिथला उंचवटा काढायचा, सगळं स्ट्रक्चर्ड लाइट स्कॅनिंग एवढ्यावर चालतं. २०१० चा पहिला किनेक्ट (मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स गेमिंगचा कॅमेरा) हेच करायचा, फक्त रेघांऐवजी डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके टाकून, आणि २०१७ च्या आयफोन एक्समधे चेहरा ओळखायला तोंडावर तीस हजाराच्या वर ठिपके पडतात तेही त्याच जातीचं काम.

आपण रेघा टाकणार आहोत, कारण रेघा टाकायला घरातला प्रोजेक्टर पुरतो. नमनाला घडाभर तेल नको, कामाला लागू.

सामान

एक प्रोजेक्टर, एक वेबकॅम, लॅपटॉप, दोन बऱ्यापैकी जड स्टँड आणि अंधार करता येईल अशी खोली. प्रोजेक्टर घेताना (किंवा मित्राकडून उचलताना) एकच बघा, त्याचं नेटिव्ह रिझोल्यूशन किती आहे. खोक्यावर "१०८०पी सपोर्टेड" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ १०८०पी सिग्नल तो घेतो एवढाच, आतली काच बऱ्याचदा त्याच्या अर्धी पण नसते, मग तुम्ही टाकलेली एक पिक्सेलची बारीक रेघ आत जाऊन चिरडली जाते आणि तुम्ही दोन दिवस कोडमधे चूक शोधत बसता. मी बसलो होतो. माझा आत्ताचा १२८० बाय ७२० चा आहे आणि तेवढा भरपूर झाला.

प्रोजेक्टरच्या दोन जाती, डीएलपी का एलसीडी? सुरुवातीला एलसीडीच घ्या. एका चिपच्या डीएलपीत लाल हिरवा निळा असे रंग एकाच वेळी येत नाहीत, चाक फिरतं आणि एकामागोमाग एक पडतात, आपल्या डोळ्याला ते एकत्र दिसतात पण कॅमेऱ्याचं शटर छोटं असेल तर फोटोत आडवे पट्टे येतात. त्यावर उपाय आहे, एक्सपोजर १/६० सेकंदाच्या पूर्ण पटीत ठेवायचं, म्हणजे १/३० वगैरे, पण स्वस्त वेबकॅम एक्सपोजर पाहिजे तिथे थांबवू देत नाहीत, १/३२ ला जाऊन बसतात. एलसीडीत चाकच नाही त्यामुळे हा त्रासही नाही. आणि ट्यूबलाइट बंद करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणजे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, तो लुकलुकाट फोटोत शिरतो.

मांडणी

प्रोजेक्टर आणि कॅमेरा शेजारी शेजारी, दोघांचं तोंड वस्तूकडे, दोघांत थोडं अंतर. हे अंतर म्हणजे बेस. किती ठेवायचा याचा साधा हिशोब सांगतो, मला हा आधी कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

समजा वस्तू १ मीटरवर आहे आणि तिथे प्रोजेक्टरचं चित्र ६४ सेंटिमीटर रुंद पडतंय. १२८० पिक्सेल ६४ सेंटिमीटरवर पसरले म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. आता बेस ३० सेंटिमीटर असेल तर एक पिक्सेल बाजूला सरकणं म्हणजे खोलीत (पुढेमागे किती, त्या मापात) अर्धा गुणिले १०००, भागिले ३००, साधारण १.७ मिलिमीटर. बेस अर्धा करून १५ सेंटिमीटर केलात तर तोच आकडा ३.३ वर जातो, म्हणजे खोलीचा अंदाज दुप्पट ढोबळ. मग बेस एक मीटर का ठेवू नये? ठेवा आणि बघा, गणपतीच्या सोंडेमागे प्रोजेक्टरला दिसतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही आणि कॅमेऱ्याला दिसतं तिथे उजेड पोचत नाही, अर्धी मूर्ती गायब. १५ ते ३० अंशांचा कोन ठेवा, वरच्या हिशोबात तो १७ च्या आसपास आलाय.

आणि स्टँड हलला की सगळं संपलं हे आत्ताच डोक्यात बसवा. मी दोघांनाही एकाच ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपवर आवळून टाकलंय, पाइप हलला तरी दोघं बरोबरच हलतात, एकमेकांच्या जागा बदलत नाहीत.

सेटिंग, हे कंटाळवाणं आहे पण चुकवू नका

प्रोजेक्टरचं कीस्टोन (तिरकं चित्र चौकोनी करायची सोय) बंद, म्हणजे शून्यावर. चित्र तिरकं दिसलं तर दिसू दे, आपल्याला सिनेमा बघायचा नाहीये. कीस्टोन चित्र सरळ करतो म्हणजे पिक्सेल ताणतो आणि मिसळतो, मग आपली रेघ आपली राहत नाही. लॅपटॉपवर डिस्प्ले एक्स्टेंड मोडमधे, स्केलिंग १०० टक्के (विंडोज गपचूप १२५ करून ठेवतं), रात्रीचा पिवळा मोड बंद. प्रोजेक्टर चालू करून पंधरावीस मिनिटं तापू द्या, तोपर्यंत चहा.

कॅमेऱ्यात ऑटोफोकस बंद, ऑटो एक्सपोजर बंद, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. ऑटो नावाचं जे दिसेल ते बंद. फोकस बदलला की लेन्सचं गणितच बदलतं आणि कॅलिब्रेशन (लेन्सची आणि जागांची मापं काढणं, पुढे येतंय) वाया जातं. एक्सपोजर लावताना प्रोजेक्टरवर पूर्ण पांढरं टाका आणि वस्तूचा सगळ्यात उजळ भाग पांढराफटक होण्याच्या थोडं आधी थांबा. फोटोत २५५ ला टेकलेला पिक्सेल आपल्या काहीच कामाचा नाही.

पट्ट्या कशाला एवढ्या

एकच रेघ टाकून ती हळूहळू सरकवत नेली तरी स्कॅन होतो, पण १२८० रेघा म्हणजे १२८० फोटो. त्यापेक्षा प्रत्येक कॉलमला एक नंबर द्यायचा आणि तो नंबर उजेड-अंधाराच्या भाषेत सांगायचा. पहिल्या फोटोत अर्धं पांढरं अर्धं काळं, पुढच्यात आणखी बारीक, असं करत गेलं की ११ फोटोंत २०४८ पर्यंत नंबर मावतात, आपले १२८० त्यात आरामात. एखाद्या पिक्सेलने ११ फोटोंत काय काय बघितलं, उजेड अंधार अंधार उजेड, ते ओळीने लिहिलं की त्याच्यावर पडलेल्या कॉलमचा नंबर मिळाला.

साधा बायनरी (शून्य आणि एकमधे नंबर लिहायची नेहमीची पद्धत) मात्र वापरू नका, ग्रे कोड वापरा. बायनरीत ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००, शेजारच्या दोन कॉलममधे चारही बिट (शून्य-एकची घरं) एकदम बदलले, आणि सीमेवरच्या पिक्सेलने त्यातला एक जरी चुकीचा वाचला तर नंबर कुठच्या कुठे. ग्रे कोडमधे ७ असतो ०१०० आणि ८ असतो ११००, एकच बिट बदलतो, चुकला तरी चूक एका घराची. बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांना याचं पेटंट १९५३ मधे मिळालं, तेव्हा असल्या स्कॅनरचा विचारही नव्हता.

आणखी एक, प्रत्येक पट्टीचा उलटा फोटो पण घ्या, जिथे पांढरं तिथे काळं. "किती उजळ म्हणजे पांढरं" हा वादच मिटतो, सुलट्यात जास्त उजेड का उलट्यात एवढंच बघायचं, वस्तू काळी असो का पिवळी. दोन्हीत फरक अगदीच कमी असेल तर तो पिक्सेल टाकून द्या, तिथे सावली आहे किंवा तिथून काही परत येत नाहीये.

हे सगळं हाताने लिहायची गरज नाही. पायथॉनमधे ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या फुकट लायब्ररीचं कॉन्ट्रिब पॅकेज टाका, साधं नको, कॉन्ट्रिबच, त्यात स्ट्रक्चर्ड लाइट नावाचं मॉड्यूल आहे आणि ग्रे कोडच्या पट्ट्या बनवणं आणि वाचणं दोन्ही त्यात येतं. ते उभ्या आणि आडव्या दोन्ही पट्ट्या देतं, १२८० बाय ७२० ला ११ आणि १०, उलटे धरून ४२, वर एक पूर्ण पांढरा एक पूर्ण काळा, झाले ४४.

आता इथे माझी फजिती ऐका. पहिला स्कॅन केला आणि मूर्तीच्या जागी नुसता चिखल आला. दोन रात्री घालवल्यावर कळलं की वेबकॅम आपल्या पोटात तीनचार जुन्या फ्रेम साठवून ठेवतो, मी पाचवी पट्टी टाकून फोटो मागितला की तो मला तिसरीचा देत होता. तेव्हापासून पट्टी टाकायची, ३०० मिलिसेकंद थांबायचं, पाच फ्रेम फेकून द्यायच्या, मग सहावी ठेवायची. वेळ जातो, जाऊ दे. फोल्डर उघडून डोळ्याने पण बघा, पट्ट्या ओळीने बारीक होत जातायत ना.

कॅलिब्रेशन: इथेच घोडं पेंड खातं

कॅमेऱ्याची लेन्स नेमकी कशी आहे, प्रोजेक्टरची कशी आहे, आणि दोघं एकमेकांपासून कुठे कसे उभे आहेत, हे मशीनला कळल्याशिवाय नंबरावरून मिलिमीटर होत नाहीत. यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटीचा कागद वापरतात, ही पद्धत झेंगयू झांग यांची, २००० च्या आसपासची, आणि आजही सगळे तीच वापरतात कारण लागतो फक्त एक छापलेला कागद आणि तो वेगवेगळ्या तिरपाईत धरणं.

कागद छापताना "फिट टू पेज" काढून टाका. छापून झाल्यावर व्हर्नियरने दहा चौकोन एकदम मोजा आणि दहाने भागा, २५ मिलिमीटर सांगितलेलं प्रिंटर २४.६ देतो आणि मग तुमचा सगळा स्कॅन त्या प्रमाणात मोठा येतो, दिसायला एकदम झकास पण मापात खोटा. कागद पुठ्ठ्यावर चिकटवू नका, पुठ्ठा वाकतो, पावसाळ्यात तर विचारूच नका. जुन्या फोटोफ्रेमची काच घ्या आणि त्यावर स्प्रे गोंदाने, बुडबुडा न ठेवता. लॅमिनेशन अजिबात नाही, प्रोजेक्टरचा उजेड त्यात आरशासारखा चमकतो. काळे चौकोन अगदी काळेकुट्ट न छापता गडद राखाडी छापा, म्हणजे त्यांच्यावरची पट्टी पण कॅमेऱ्याला वाचता येते. आणि ओपनसीव्ही आतले कोपरे मोजतं, १० बाय ७ चौकोन असतील तर ९ बाय ६ सांगायचं, हे नवीन माणसाचं हमखास चुकतं आणि मग "पट सापडला नाही" म्हणून तो रडत बसतो.

कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन सरळ आहे, त्याला पट दिसतो. प्रोजेक्टरला डोळा नाही, त्याला पट कसा दिसणार? युक्ती अशी की पटावर ग्रे कोडच्या पट्ट्या टाकायच्या, उभ्या आणि आडव्या दोन्ही, म्हणजे कॅमेऱ्याला जो कोपरा दिसतोय त्याच्यावर प्रोजेक्टरचा कुठला पिक्सेल पडलाय ते कळतं, आणि मग प्रोजेक्टरला उलटा कॅमेराच समजून तेच गणित लावायचं. २०१२ साली ब्राउन युनिव्हर्सिटीच्या मोरेनो आणि टॉबिन यांनी हे फार नीट करून दाखवलं, कोपऱ्याच्या आजूबाजूच्या छोट्या तुकड्यातून त्या कोपऱ्याची प्रोजेक्टरमधली जागा पिक्सेलच्याही अपूर्णांकात काढायची.

पंधरा जागा घ्या. प्रत्येक जागेला ४४ फोटो, एकूण ६६०. पट हातात धरायचा नाही, खुर्चीला टेकवा, पुस्तकाचा ठेपा द्या, काहीही करा पण त्या ४४ फोटोंत तो श्वासाएवढाही हलता कामा नये. नुसता पुढेमागे सरकवू नका, तिरका करा, डावीकडे उजवीकडे वर खाली २०-३० अंश, आणि चित्राचे चारही कोपरे कधी ना कधी पटाने भरले पाहिजेत. शेवटी एक आकडा मिळतो, रीप्रोजेक्शन एरर, म्हणजे गणिताने काढलेला कोपरा खऱ्या कोपऱ्यापासून किती पिक्सेल चुकतो. अर्ध्या पिक्सेलच्या आत असेल तर पेढे वाटा, एकच्या वर असेल तर सगळ्यात वाईट दोनतीन जागा काढून परत चालवा, तरी सुधारला नाही तर पट वाकलाय किंवा काहीतरी हललंय. मन मारून परत करा.

एक बारीक खोच. प्रोजेक्टर टेबलावर ठेवला की चित्र वरच्या बाजूला फेकतो, म्हणजे त्याच्या लेन्सचा मधला बिंदू चित्राच्या मधे नसून खाली कुठेतरी असतो. कॅलिब्रेशनमधे "मधला बिंदू मधेच धर" असा पर्याय चालू असेल तर बंद करा.

पहिली वस्तू

समईने सुरुवात करू नका. सगळ्यांना समई, तांब्या नाहीतर बाइकची टाकी स्कॅन करायची असते आणि चकचकीत पितळ किंवा रंग पट्टी परत पाठवत नाही, भलतीकडे उडवतो. मेण, दूध, संगमरवर हे दुसरं टोक, यांच्यात उजेड आत शिरतो, पसरतो आणि मग बाहेर येतो, पट्टीची कडा विरघळल्यासारखी होते. काच तर सोडूनच द्या. वाटीच्या आतल्या बाजूला उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उडतो, तोही ताप.

शाडूची न रंगवलेली मूर्ती ही माझ्या मते सगळ्यात चांगली पहिली वस्तू. कोरडी, राखाडी, जराही चमक नाही, बारकावे भरपूर. मी वीतभर उंचीचा गणपती ठेवला होता, पोटावर पट्ट्या पडल्या की अशा गोल वळतात की आकार नुसत्या डोळ्यालाच कळतो, सोंडेवर त्या एकदम दाट होतात आणि कानामागे तुटतात. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, देवाला झेब्रा केलास का रे.

चकचकीत वस्तू करायचीच असेल तर पांढरा थर द्या. टूलरूममधे वेल्डिंगच्या चिरा बघायला डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टचा पांढरा डेव्हलपर स्प्रे असतो तो छान बसतो आणि पुसला जातो, घरी टाल्कम पावडर मऊ ब्रशने मारली तरी चालते, फक्त जाड नको. आपोआप उडून जाणारे खास स्कॅनिंग स्प्रे मिळतात पण महाग आहेत. आजीच्या जुन्या मूर्तीवर, रंग उडालेल्या लाकडावर मात्र काहीही मारू नका, नाही झाला स्कॅन तर नाही झाला.

बारकावा हवा असेल तर

ग्रे कोड एकट्याने वापरलात तर पोटावर पायऱ्या दिसतील, वरच्या हिशोबातल्या त्या १.७ मिलिमीटरच्या, कारण नंबर पूर्णांकातच येतो. पायऱ्या घालवायला फेज शिफ्टिंग (फेज म्हणजे लाटेतली जागा). काळ्यापांढऱ्या कडक पट्टीऐवजी हळूहळू उजळत आणि मावळत जाणारी लाट टाकायची आणि ती एक तृतीयांशाने सरकवत तीन फोटो घ्यायचे. प्रत्येक पिक्सेलला माहीत नसलेल्या गोष्टी तीनच, खोलीतला इतर उजेड किती, वस्तू त्या जागी किती उजेड परत देते, आणि लाटेत आपण नेमके कुठे आहोत. तीन फोटो, तीन समीकरणं, सुटलं. कॉलमच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जागा कळते म्हणजे तेच १.७ मिलिमीटर ०.१७ वर येतं.

लाट किती रुंद? १६ पिक्सेलची ठेवा. १२८० मधे अशा ८० लाटा होतात, आपण कितव्या लाटेत आहोत ते सांगायला ग्रे कोडचे ७ फोटो पुरतात, आणि त्यातली सगळ्यात बारीक पट्टी पण ३२ पिक्सेलची, म्हणजे स्वस्त प्रोजेक्टरच्या ढिल्या फोकसमधेही वाचता येणारी. लाटांच्या सीमेवर कधी कधी ग्रे कोड म्हणतो पुढची लाट आणि फेज म्हणते अजून मागचीच, मग तिथे सुईसारखे काटे उभे राहतात, मीडियन फिल्टर (आजूबाजूच्या आकड्यांतला मधला घेणारा) मारला की बहुतेक जातात.

आणि सपाट भिंत स्कॅन केल्यावर तिच्यावर बारीक लहरी दिसल्या, एका लाटेत बरोब्बर तीन, तर घाबरू नका, तो गॅमा आहे, म्हणजे सांगितलेला आकडा आणि पडणारा उजेड यांचं वाकडं नातं. प्रोजेक्टर १२८ ला अर्धा उजेड देत नाही, बराच कमी देतो, त्यामुळे आपली लाट बेढब होते. प्रोजेक्टरच्या मेनूत चित्राचा मोड बदलून बघा, नाहीतर तीनऐवजी सहा फोटो घ्या, लहरी जवळजवळ मरतात.

जोडणी आणि तपासणी

एका जागेवरून अर्धी बाजूच मिळते. फिरत्या पाटावर वस्तू ठेवून ३०-४० अंशांनी फिरवत दहाएक स्कॅन घ्या, शेजारच्या दोन स्कॅनमधे निदान एक तृतीयांश भाग तोच हवा. क्लाउडकंपेअर किंवा मेशलॅब ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत, त्यात दोन तुकड्यांवरचे सारखे तीनचार बिंदू हाताने दाखवायचे, पुढचं आयसीपी (तुकडे एकमेकांवर नीट बसेपर्यंत सरकवणारी पद्धत) करतं. मग पॉइसन (बिंदूंवरून सलग पृष्ठभाग बनवणारी पद्धत) मारून बंद मेश, म्हणजे त्रिकोणांची जाळी. पॉइसन भोकं बुजवतो तेव्हा तिथे माप नसतं, त्याचा अंदाज असतो, हे लक्षात ठेवा, मूर्तीच्या तळाला तो हमखास एक फुगवटा काढतो.

माप खरं आहे का बघायला टेबल टेनिसचा बॉल घ्या, तो ४० मिलिमीटरचा असतो. तसाच ठेवला तर उजेड थोडा आत शिरतो म्हणून आधी मॅट पांढरा प्रायमर मारा, वाळला की व्हर्नियरने मोजून ठेवा, स्कॅन करा आणि क्लाउडकंपेअरमधे गोल बसवून बघा किती येतो. मग दोन बॉल एका पट्टीवर चिकटवून त्यांच्या केंद्रांतलं अंतर वेगवेगळ्या जागी मोजा, कारण एक छोटा बॉल बरोबर आला म्हणून सगळीकडची मापं बरोबर आली असं होत नाही. जर्मनीच्या व्हीडीआय/व्हीडीई २६३४ या मार्गदर्शिकेत कंपन्यांचे मोठे स्कॅनर तपासतात तेही असेच, गोळे, दोन गोळ्यांचा दांडा आणि सपाट पृष्ठभाग घेऊन. माझा बॉल पहिल्यांदा ४०.९ आला होता. कारण तेच, प्रिंटरने छोटे केलेले चौकोन.

शेवटचं, फोटो डिलीट करू नका. मेश झाली की जागा खातात म्हणून लोक मूळ पट्ट्यांचे फोटो उडवतात. प्रत्येक स्कॅनचं एक फोल्डर, नावात तारीख, आत सगळे फोटो आणि त्या दिवशीची कॅलिब्रेशनची फाइल. त्या गणपतीचा डावा कान मला तेव्हा मिळालाच नाही, सावलीतले पिक्सेल मी फारच कडक फरक लावून फेकून दिले होते. अनंत चतुर्दशीला मूर्ती बादलीत विरघळली, शाडू कुंडीत गेली. दिवाळीत सवड झाल्यावर तेच फोटो काढले, मर्यादा १५ वरून ६ केली आणि परत चालवलं. कान आला, थोडा खरबरीत आहे.